ऑस्करचं गाणं, फिल्मफेअरचं गाणं आणि आपली ज्वारीची भाकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा नांदेडात एक कराओके ग्रुप आहे, रविवारी संध्याकाळी आठ-दहा जणं जमतो, गातो, आणि गाण्यापेक्षा जास्त वाद घालतो. गणपतीत वगैरे फिल्मी क्विझ घ्यायचं काम माझ्याकडं असतं, त्यामुळं लोकं मलाच विचारायलेत, तेच तेच प्रश्न, कधी टपरीवर, कधी रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर. म्हणलं एकदाच लिहून टाकावं, पुढच्या वेळी नुसतं पाठवून द्यायला बरं.

"ओरिजिनल साँग" म्हणजे काय? पिक्चरमधलं सगळंच गाणं ओरिजिनल नसतं का?

नसतं, आणि सगळी गंमत इथंच आहे. ऑस्करवाल्यांच्या नियमात ओरिजिनल म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही नवीन पाहिजेत आणि दोन्ही त्याच पिक्चरसाठी लिहिलेले पाहिजेत. जुन्या अल्बममधलं गाणं उचलून टाकलं, बाद. जुन्या चालीवर नवे शब्द बसवले (आपल्या आरत्यांसारखं), तेही बाद. वर आणखी एक अट, गाणं पिक्चरमध्ये नीट ऐकू आलं पाहिजे, शब्द समजले पाहिजेत, आणि ते पिक्चरच्या अंगात तरी पाहिजे नाहीतर शेवटी नावं पडायला लागल्यावर वाजणारं पहिलं गाणं तरी पाहिजे. पब्लिक उठून चाललंय आणि मागं दुसरं-तिसरं गाणं वाजायलंय, त्याला काही भाव नाही.

हे सुरू कधी झालं आणि पहिलं कोणाला मिळालं?

ऑस्कर १९२९ पासून आहेत, पण गाण्याचं बक्षीस नंतर आलं, १९३४ च्या पिक्चरांसाठी. पहिलं गाणं 'द कॉन्टिनेंटल', पिक्चर 'द गे डिव्होर्सी', चाल कॉन कॉनरॅडची, शब्द हर्ब मॅगिडसनचे. बोलपट येऊन तेव्हा सात-आठ वर्षंच झाली होती आणि तिकडं नाचगाण्याच्या पिक्चरांचा नुसता पूर आला होता. पिक्चरमध्ये गाणी असणं ही काय फक्त आपलीच खोड नाही, तिकडंही होती, त्यांची सुटली आपली राहिली एवढंच.

मग "त्याच पिक्चरसाठी लिहिलेलं" हा नियम पहिल्यापासून होता का?

नव्हता, आणि तो कसा आला ते माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आहे. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसात घुसल्या. त्या दुःखात ऑस्कर हॅमरस्टीननं एक कविता लिहिली आणि जेरोम कर्ननं तिला चाल लावली, 'द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस'. पिक्चरचा काही संबंधच नव्हता. गाणं गाजलं, मग ते 'लेडी बी गुड' नावाच्या पिक्चरमध्ये घातलं आणि १९४१ च्या गाण्याचं ऑस्कर त्यालाच मिळालं. आता आपल्याकडं असं झालं तर माणूस काय करील, हार घालून घेईल, पेपरात फोटो देईल. कर्नला उलट ते आवडलंच नाही, त्याचं म्हणणं असं की हे पिक्चरसाठी लिहिलेलंच नाही तर याला कशाला, त्या वर्षीचं 'ब्लूज इन द नाइट' यापेक्षा हक्काचं होतं. त्यानंतर नियम बदलला, गाणं खास पिक्चरसाठीच लिहिलेलं पाहिजे. ज्याला बक्षीस मिळालं तोच म्हणाला की नियम चुकलाय, असा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

ऑस्कर गायकाला मिळतं ना?

नाही, नाही आणि नाही. बक्षीस लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला. गायकाला स्टेजवर गायला बोलावतात, टाळ्या मिळतात, बाहुली मिळत नाही. (स्वतः गाणं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.) 'टायटॅनिक'चं गाणं अख्ख्या जगाला सेलीन डिऑनचं म्हणून माहितीय, पण ऑस्कर गेलं जेम्स हॉर्नर आणि विल जेनिंग्ज यांच्याकडं.

यावरून माझं एकदा भांडण झालंय. एका मंडळाच्या क्विझला मी होतो, पण मंच माझा नव्हता, मी आपला खुर्चीवर. प्रश्न आला, 'जय हो'साठी गाण्याचं ऑस्कर कोणाकोणाला मिळालं? मी लिहिलं रेहमान आणि गुलजार. शेजारच्या मामांनी लिहिलं सुखविंदर. निवेदक म्हणला मामा बरोबर, आणि पाच लिटरचा कुकर मामांच्या हातात. मी मोबाइल काढून दाखवायलो तर म्हणे "भैय्या, आवाज कोणाचा आहे ते सांगा की!" आता यावर काय बोलावं. ते मामा अजून रस्त्यात दिसले की हसतात.

एवढी सुपरहिट गाणी असतात, मग त्यांना नॉमिनेशनसुद्धा का मिळत नाही?

दोन कारणं. एक म्हणजे वरचा नियम. 'द बॉडीगार्ड' मधलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' आठवा, १९९२ ला रेडिओ लावला की तेच. पण ते डॉली पार्टनचं १९७४ चं गाणं, म्हणून ओरिजिनल नाही, विषय संपला. त्याच पिक्चरमधल्या दुसऱ्या दोन गाण्यांना नॉमिनेशन मिळालं आणि जिंकलं मात्र 'अलादिन'चं गाणं.

दुसरं कारण म्हणजे ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या मेंबर लोकांची आवड. 'सॅटरडे नाइट फीवर' १९७७ चा, 'स्टेइंग अलाइव्ह' वर अख्खं जग नाचलं, त्या पिक्चरच्या एकाही गाण्याला नॉमिनेशन नाही. नॉमिनेशन ठरवतात अकादमीतले संगीतवाले, म्हणजे बहुतेक संगीतकार-गीतकारच, आणि त्यांना पब्लिक कशावर नाचायलंय याचं काही सोयरसुतक नसतं. शेवटचं मत मात्र सगळे मेंबर देतात.

जुन्या नाटकावरून पिक्चर काढला तर त्यात एक नवं गाणं का घुसवतात?

ऑस्करसाठीच, दुसरं काय! नाटकातली गाणी जुनी, म्हणजे बाद, मग एक ताजं गाणं लिहून घ्यायचं. 'एविटा' च्या वेळेला (१९९६) असंच नवं 'यू मस्ट लव्ह मी' लिहिलं आणि चक्क जिंकलं. 'ले मिझराब्ल' वाल्यांनीही केलं, त्यांना नॉमिनेशनवर भागवावं लागलं.

नॉमिनेशन पाचच असतात ना?

आता पाच. पण १९४५ च्या पिक्चरांसाठी चौदा गाणी होती, चौदा! लग्नाच्या पंगतीसारखं, जो आला तो बसला. त्यानंतर पाचवर आणलं. मग मधल्या काळात एक विचित्र मार्कांची पद्धत आली, मेंबरांनी गाण्याचा पिक्चरमधला तुकडा बघायचा आणि मार्क द्यायचे, सरासरी ८.२५ च्या खाली गेलं की गाणं नापास. त्यामुळं २००८ च्या पिक्चरांना तीनच गाणी आणि २०११ ला तर फक्त दोन, एक 'द मपेट्स'चं आणि एक 'रिओ'चं. दोनात एक जिंकणार, म्हणजे ही काय स्पर्धा झाली का, आमच्या गल्लीतल्या कॅरमला पण आठ जोड्या असतात. लोकं हसायला लागल्यावर ती पद्धत काढून टाकली.

एका पिक्चरची जास्तीत जास्त दोनच गाणी हा नियम पण त्याच सुमाराचा. 'ड्रीमगर्ल्स' ची तीन गाणी एकदम नॉमिनेट झाली आणि तिन्ही पडली, जिंकलं ते हवामान बदलावरच्या डॉक्युमेंटरीतलं गाणं. पुढच्याच वर्षी 'एन्चांटेड'चं तेच, तीन नॉमिनेट, तीन फेल. नियम बदलला आणि लगेचच्याच वर्षी आपल्या रेहमानची 'स्लमडॉग मिलेनियर' मधली दोन गाणी आत आली, 'जय हो' आणि 'ओ साया'. म्हणजे तीन गाण्यांमधली दोन एकाच पिक्चरची!

'जय हो' ला ते सोपं गेलं म्हणायचं का मग?

असं म्हणणारे आमच्या ग्रुपमध्ये पण आहेत. त्या साली गोल्डन ग्लोब मिळालं होतं ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'द रेसलर' ला, आणि त्या गाण्याला ऑस्करचं नॉमिनेशनसुद्धा मिळालं नाही, ८.२५ ची कृपा. म्हणजे तगडा पैलवान आखाड्यातच आला नाही हे खरंय. पण म्हणून 'जय हो' कमी होतं का, मला तरी वाटत नाही. आता कोणी म्हणेल रेहमानची याहून कितीतरी भारी गाणी आहेत, 'रोजा' घ्या, 'दिल से' घ्या. हो आहेतच. पण ती तिकडच्या मेंबरांपर्यंत पोचली कधी? 'स्लमडॉग' ब्रिटिश पिक्चर होता, त्याला त्या रात्री आठ ऑस्कर मिळाली, त्या लाटेत गाणं पोचलं. गुलजार साहेब समारंभाला गेलेच नव्हते. रेहमाननं स्टेजवर "मेरे पास माँ है" म्हणलं, आई समोर बसलेली होती, ते बघून आमच्या घरी आमची आई डोळे पुसायली होती, तिला पिक्चरचं काही माहिती नव्हतं.

'नाटू नाटू' चा अर्थ काय हो? उगंच नाचायचं गाणं आहे ना?

हा प्रश्न आला की मी खुर्ची ओढून बसतो.

१३ मार्च २०२३, सोमवार सकाळ (तिकडं अजून रविवार, १२ तारीख). आम्ही टपरीवर, एकाच्या मोबाइलमध्ये लाइव्ह चालू, नेट अडकायलं, आणि नाव जाहीर व्हायच्या टायमालाच गोल गोल फिरायला लागलं. कळलं ते शेजारच्या दुकानातल्या टीव्हीवरच्या ओरडण्यावरून. आमच्यात एक धर्माबादचा मित्र आहे. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, धर्माबाद, बिलोली, देगलूर ही आमच्या जिल्ह्याची तेलंगणाला चिकटलेली कड, तिकडं घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि भांडताना दोन्ही. त्यानं त्या दिवशी आम्हाला गाणं ओळीओळीनं समजावलं.

'नाटू' म्हणजे गावरान. हैदराबादच्या हॉटेलात 'नाटू कोडी' लिहिलेलं असतं ना, ती गावरान कोंबडी. अख्खं गाणं म्हणजे गावरानपणाच्या उपमांची माळ आहे, त्यात एक उपमा अशी की लाल ज्वारीच्या भाकरीत मिरचीचा ठेचा घालून खाल्ल्यासारखं! धर्माबाद म्हणजे मिरचीचा बाजार, त्यामुळं हे सांगताना गड्याची छाती नुसती फुगलेली. ठेच्याला तिथं शब्द आहे 'तोक्कू', आणि आपल्याकडं उन्हाळ्यात कैरीचा तक्कू करतात, कानाला किती जवळचं वाटतं बघा. म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालेल्या गाण्यात आपली भाकरी आणि ठेचा आहे आणि आपल्याला वाटायलं की हे नुसतं पाय आपटायचं गाणं आहे.

मी हे एवढं का सांगायलोय, तर बक्षीस नाचाला नव्हतं. प्रेम रक्षितनं बसवलेला नाच जबरदस्तच आहे, राहुल सिप्लिगंज आणि काल भैरव यांचा आवाज पण, पण नावं वाचली गेली ती चाल लावणाऱ्या कीरवाणीचं आणि शब्द लिहिणाऱ्या चंद्रबोसचं. भाषा तेलुगू, पिक्चर पूर्ण भारतीय, आणि असं हे पहिलंच. मागचा तो सुंदर राजवाडा दिसतो ना, तो युक्रेनमधल्या कीवचा आहे, शूटिंग २०२१ चं, युद्धाच्या काही महिने आधीचं.

आणि कीरवाणीनं आभार मानले ते चक्क गाऊन, कार्पेंटर्सच्या 'टॉप ऑफ द वर्ल्ड' च्या चालीवर. ओरिजिनल गाण्याचं बक्षीस घेतलं आणि भाषण दुसऱ्याच्या चालीत, हे मला लई आवडलं.

इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेला मिळायची ती पहिलीच वेळ होती का?

नाही. १९६० चं 'नेव्हर ऑन संडे', ग्रीक गाणं, मानोस हाजिदाकिसचं, ते पहिलं. २००४ च्या पिक्चरांत स्पॅनिश गाणं जिंकलं, होर्हे ड्रेक्सलरचं. 'जय हो' मध्ये पण हिंदीच आहे की.

आपल्या फिल्मफेअरमध्ये "ओरिजिनल साँग" का नाही?

कारण आपली पद्धतच वेगळी आहे. तिकडं गाणं हा एक नग, एक बक्षीस. इकडं गाण्याची वाटणी होते, चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, गळा तिसऱ्याचा, आणि तिघांना वेगवेगळं. पण ही वाटणी पहिल्यापासून नव्हती. १९५४ ला फिल्मफेअर सुरू झालं तेव्हा फक्त संगीतकाराला होतं, पहिलं नौशादला, 'बैजू बावरा' मधल्या 'तू गंगा की मौज' साठी. गीतकार आणि गायक, दोघं बिनहिशेबी.

मग आल्या लताबाई. १९५७ ला शंकर-जयकिशनला 'चोरी चोरी' साठी मिळालं, आणि समारंभात 'रसिक बलमा' गायला त्यांना विचारलं. त्या म्हणल्या, बक्षीस संगीताला आहे ना, मग तुमचं संगीत वाजवा, शब्द आणि आवाज कशाला पाहिजे. (अगदी हेच शब्द होते असं नाही, मतलब हा.) गायल्या नाहीत. दोन वर्षांत, १९५९ ला, गायकाचं आणि गीतकाराचं दोन्ही बक्षिसं सुरू झाली, गायकाचं पहिलं त्यांनाच, 'मधुमती' तल्या 'आजा रे परदेसी' ला, आणि गीतकाराचं शैलेंद्रला. गंमत बघा, तिकडं गायकाला आजही बाहुली नाही आणि इकडं एका बाईनं नुसतं "गाणार नाही" म्हणून मिळवून दिली. म्हणून वरच्या कुकरवाल्या मामांचा मला फार राग येत नाही, त्यांच्या डोक्यात फिल्मफेअर होतं, ऑस्कर नव्हतं.

फिल्मफेअरचे निकाल बरोबर असायचे का?

हा हा. 'गाइड' ला संगीताचं मिळालं नाही, 'सूरज' ला मिळालं, हे सांगितलं की आमच्या ग्रुपमधले दोन जण अजून चहा तसाच ठेवून उठतात. आणि 'पाकीझा'? गुलाम मोहम्मद पिक्चर यायच्या चार वर्षं आधीच गेले, १९६८ ला. गाणी अजूनही आमच्याकडं दर रविवारी कोणीतरी म्हणतंच. बक्षीस गेलं 'बेईमान' ला. त्याच 'बेईमान' साठी प्राण साहेबांना सहायक अभिनेत्याचं मिळालं होतं, त्यांनी ते घेतलं नाही, कारण गुलाम मोहम्मदवर अन्याय झालाय म्हणून. स्वतःच्याच पिक्चरच्या विरोधात! जेरोम कर्नसारखा माणूस दुसरा बघितला नाही असं मी वर लिहिलंय ते खोडावं लागेल बहुतेक.

राष्ट्रीय पुरस्कारात गाण्याचं काय?

राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले १९५३ च्या पिक्चरांपासून आणि पहिला सर्वोत्कृष्ट चित्रपट आपला मराठी, आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. पण तेव्हा गाण्याबिण्याला काही नव्हतं. संगीत, गायक, गीतकार ही बक्षिसं साठच्या दशकाच्या शेवटी आली. इथं पण वाटणीच. 'लेकिन' चं उदाहरण घ्या, हृदयनाथांना संगीताचं, लताबाईंना गाण्याचं, गुलजारांना 'यारा सीली सीली' च्या शब्दांचं, एकाच वर्षी तिघांना.

मराठीतलं माझं आवडतं म्हणजे 'जोगवा'. ५६व्या पुरस्कारांत अजय-अतुलला संगीतासाठी, आणि 'जीव रंगला' साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही. शब्द संजय कृष्णाजी पाटलांचे, आणि मला विचाराल तर त्या शब्दांनीच गाणं तोललंय.

५७व्या वर्षापासून संगीताचे दोन भाग केलेत, गाण्यांचं वेगळं आणि पार्श्वसंगीताचं वेगळं. चांगलं केलं.

आपल्या मराठवाड्याचं यात कोणी आहे का?

ना. धों. महानोर, आणखी कोण! अजिंठ्याच्या डोंगराखालचं पळसखेड, तिथं शेती करणारा माणूस, आणि 'जैत रे जैत' ची गाणी त्यांची. चाल हृदयनाथांची, पिक्चर जब्बार पटेलांचा, मराठीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. 'सर्जा' आणि 'एक होता विदूषक' ची गाणी पण त्यांचीच. 'नभ उतरू आलं' लावून बघा, पावसाआधी आभाळ जड होऊन खाली येतं ते ज्यानं शेतात उभं राहून बघितलंय त्यालाच असलं सुचतं. ऑस्करवाल्यांचा नियम काय म्हणतो, शब्द आणि चाल त्याच पिक्चरसाठी, आणि गाणं पिक्चरच्या अंगात पाहिजे. या मापानं मोजलं तर 'जैत रे जैत' मधलं गाणंच पिक्चर पुढं नेतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले, म्हणजे 'नाटू' च्या ऑस्करनंतर पाचच महिन्यांत. त्या रविवारी आम्ही ट्रॅक न लावता नुसतं गायलो.

राज्य सरकारचे चित्रपट पुरस्कार पण आहेत, त्यात गीतकाराचा पुरस्कार गदिमांच्या नावानं देतात. नाव अगदी बरोबर निवडलंय.

मराठी गाण्याला ऑस्कर मिळू शकतं का? भारत सरकारनं पाठवावं लागतं ना?

गाण्याला नाही लागत. देशाकडून एक पिक्चर जातो तो आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागासाठी, 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'कोर्ट' असे आपले गेलेत. गाण्यासाठी पिक्चर अमेरिकेत ठरलेल्या शहरांपैकी एकात थेटरला किमान सात दिवस लागला पाहिजे आणि फॉर्म भरला पाहिजे. 'नाटू नाटू' चा पिक्चर 'आरआरआर' भारताचा अधिकृत पिक्चर नव्हताच, तो गुजराती 'छेल्लो शो' होता. भाषेची अडचण नाही. अडचण पैशाची, तिकडच्या मेंबरांच्या कानापर्यंत गाणं न्यायला लई खर्च येतो.

वशिला चालतो का तिकडं?

२०१४ ला एक गाणं नॉमिनेट झालं, 'अलोन येट नॉट अलोन', पिक्चरचं नाव कोणी ऐकलेलं नाही. नंतर कळलं की त्याचा संगीतकार ब्रूस ब्रॉटन हा अकादमीतला जुना पदाधिकारी, त्यानं मेंबरांना ईमेल करून आठवण दिली होती. नॉमिनेशनच रद्द केलं. आपल्याकडं यालाच "भेटून आलो" म्हणतात.

एकदाही न जिंकता सगळ्यात जास्त वेळा कोण हरलं?

डायन वॉरन. पंधराहून जास्त नॉमिनेशन आणि स्पर्धेतलं एकही नाही. शेवटी २०२२ ला मानद ऑस्कर दिलं. त्यानंतरही बाई नॉमिनेट होतायत आणि हरतायत.

क्विझसाठी एखादा कोणालाच येणार नाही असा प्रश्न द्या ना, सर.

घ्या. स्वतःचं नाव स्वतःच वाचून गाण्याचं ऑस्कर कोणी घेतलं? उत्तर आयर्विंग बर्लिन, १९४२ च्या 'व्हाइट ख्रिसमस' साठी, पाकीट उघडायला त्यालाच बोलावलेलं होतं. फक्त बक्षीस कुकर असेल तर निवेदकाला उत्तर आधी पाठ करायला लावा.